हेडलाइनच्या आधीचा पेपर वाचा: समीर मित्रगोत्री यांचं त्वचा-संशोधन

मागच्या आठवड्यात एक ज्युनिअर सिनॉप्सिस घेऊन आली. विषय, त्वचेतून इन्सुलिन. पहिल्याच परिच्छेदात ‘सायन्स’मधला १९९५ चा पेपर आणि लगेच वाक्य: ‘यामुळे सुईविना इन्सुलिन देणे शक्य झाले.’ मी म्हटलं, “मग मेडिकलमध्ये मिळतं का गं?” ती हसली. “दादा, पण इंट्रोडक्शनमध्ये सगळे असंच लिहितात!”

म्हणून ही पोस्ट.

त्या पेपरचे पहिले लेखक समीर मित्रगोत्री. माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आजची आयसीटी) १९९२ साली केमिकल इंजिनिअरिंग, १९९६ ला एमआयटीतून पीएचडी, पुढे सांता बार्बरा, २०१७ पासून हार्वर्ड. हा झाला सीव्ही. यातून आपण फार काही शिकत नाही. शिकायचं ते पेपरांच्या क्रमातून.

आधी अडचण समजून घेऊ. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्निअम, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड. केसापेक्षाही पातळ. पण मृत पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा गिलावा अशी ती भिंत आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू तिच्यातून सहज जात नाही. इन्सुलिन जवळपास ६,००० डाल्टनचं.

फिजिओथेरपीतला अल्ट्रासाऊंड (१ ते ३ मेगाहर्ट्झ) वापरून औषध आत ढकलायचे प्रयत्न आधीपासून चालू होते. कधी जमायचं, कधी नाही. आपण काय केलं असतं? औषध बदललं असतं, जेल बदललं असतं, पुन्हा रीडिंग घेतलं असतं. मित्रगोत्री आणि त्यांचे गाईड ब्लँकश्टाइन व लँगर यांनी वेगळा प्रश्न घेतला: मुळात होतं कशामुळे? १९९५ च्याच दुसऱ्या एका, फारशा न गाजलेल्या पेपरात उत्तर आहे. कारण मुख्यतः कॅव्हिटेशन, म्हणजे ध्वनीमुळे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन त्यांची होणारी उलथापालथ. त्याने चरबीच्या थरांची शिस्त मोडते. आणि कॅव्हिटेशन कमी वारंवारतेला जास्त होतं. मग २० किलोहर्ट्झपर्यंत खाली या! तिथे माणसाच्या त्वचेतून इन्सुलिनच काय, ४८,००० डाल्टनचं एरिथ्रोपोएटिनही पलीकडे गेलं. ‘सायन्स’चा पेपर तो हाच. माझ्या मते मोठं काम आधीच्या पेपरात आहे, हा त्याचा निष्कर्ष आहे.

आता टीका. प्रयोगशाळेत त्वचेचा तुकडा, आणि जिवंत प्राण्यात पुरावा बिनकेसांच्या उंदरांचा. पाव किलोचा उंदीर आणि साठ किलोचा माणूस, नुसत्या वजनाच्या हिशोबाने २४० पट फरक. शिवाय इन्सुलिन थोडं जास्त गेलं तरी साखर धोकादायक खाली येते, म्हणजे नुसतं ‘गेलं’ पुरत नाही, मोजून जायला हवं. या तंत्रावरचं सोनोप्रेप नावाचं यंत्र २००४ साली अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलं, ते लिडोकेनने त्वचा बधिर करण्यासाठी. लिडोकेन २३४ डाल्टनचं! एरिथ्रोपोएटिनपासून लिडोकेनपर्यंतची ही उतरण आपल्या इंट्रोडक्शनमध्ये कुठेच दिसत नाही. तीस वर्षं झाली, नुसतं त्वचेवर चिकटवायचं सुईविना इन्सुलिन अजून औषधाच्या दुकानात नाही.

दुसरं काम २००४ चं, पंकज करंदे यांच्याबरोबर, ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मधलं. त्वचा सैल करणाऱ्या रसायनांची पाच हजारांहून अधिक मिश्रणं त्यांनी तपासली. मी कॅम्पातून बकऱ्याचे कान आणून फ्रान्झ सेल लावतो, दिवसाला सहा. त्या वेगाने एकेकदा करायलाही मला आठशेच्या वर दिवस लागतील, गाईड तोवर थांबणार नाहीत. त्यांनी औषध मोजलंच नाही, त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भिंतीला भोकं पडली की आयन जातात, वाहकता वाढते. झटपट.

इथेही शंका घ्यायला हवी. आयन गेला म्हणजे प्रथिन जाईलच असं नाही, आणि तेलकट रेणूंची वाट वेगळीच असते. पण पेपर इथे प्रामाणिक आहे. वाहकतेने फक्त चाळणी लावली, निवडक मिश्रणं खऱ्या औषधांवर पुन्हा तपासली, आणि त्वचेची जळजळ किती होईल हेही सोबत पाहिलं. कारण त्वचा उघडणारी बरीच रसायनं तिला जाळतातही.

पहिल्या कामात आधी कारण, मग पद्धत. दुसऱ्यात आधी चाळणी, मग कारण. एकाच माणसाने दोन्ही केलं, कारण प्रश्न एकच होता, ही भिंत कशी ओलांडायची. आपण मात्र पद्धतीलाच विषय म्हणतो. ‘मी अल्ट्रासाऊंडवर करतोय’, ‘मी मायक्रोनीडलवर करतेय’.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना गाजलेल्या पेपराच्या आधीचा त्याच लेखकाचा पेपर शोधा. आकडा कोणत्या त्वचेवरचा आहे ते लिहा. आणि पुढे त्याचं काय झालं तेही लिहा.

ज्युनिअरने वाक्य बदललंय: ‘प्रथिने त्वचेतून जाऊ शकतात हे १९९५ मध्ये दिसले, माणसात मोजून कशी द्यायची हा प्रश्न उरला आहे.’ आता तिला खरंच करायला काहीतरी आहे.