‘धन्य’, ‘संत’ आणि ‘पवित्र जन’

धर्मभगिनी राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ‘धन्य’ घोषित करण्यात आले. शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगर-इंदूर मार्गावर हत्या झाली होती. त्यांच्या धैर्याविषयी उभय पंथीयांत दुमत नाही. दुमत होते ते ‘धन्य’ या एका शब्दाविषयी.

प्रॉटेस्टंट वाचकास हा शब्द मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून परिचित आहे. तेथे दीनांना व छळ सोसणाऱ्यांना स्वतः प्रभू धन्य म्हणतो. मनुष्यांनी बहाल करावयाची ती पदवी नव्हे. ‘पवित्र जन’ ही संज्ञाही पौल फिलिप्पै येथील सर्व विश्वासणाऱ्यांस लावतो. अर्थात् पवित्रता ही कृपेने लाभलेली स्थिती होय व तिच्यात श्रेणी नाहीत, अशी त्याची धारणा असते. कॅथलिक परिभाषेत मात्र ‘धन्य’ व ‘संत’ ही दीर्घ चौकशीअंती दिलेल्या निर्णयांची नावे आहेत. धन्य व्यक्तीचा उपासनाविधीतील सन्मान विशिष्ट प्रांतापुरता वा संघापुरता मर्यादित असतो. संताचा सर्व ख्रिस्तसभेत होतो. हुतात्म्यास धन्य घोषित करण्यास चमत्काराची अट नसते, संत घोषित करण्यास असते.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दोन आरोप रूढ झाले आहेत. ‘रोम संत घडविते’ हा पहिला. वस्तुतः तो निर्णय पवित्रता निर्माण करीत नाही, केवळ ओळखतो. आणि १९६४ सालच्या ख्रिस्तसभेविषयीच्या व्हॅटिकन दस्तऐवजाचा पाचवा अध्याय पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे असे शिकवितो. ‘प्रॉटेस्टंट संतांना मानीत नाहीत’ हा दुसरा. पण १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचे एकविसावे कलम संतांचे स्मरण व अनुकरण मान्य करते. नाकारते ती त्यांच्याकडे केलेली साहाय्याची याचना. खरा मतभेद येथे आहे, आणि तो लहान नाही. तो शब्दांच्या धुरळ्यात लपवू नये.

मराठी श्रोत्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. त्याच्या कानी ‘संत’ म्हणजे ज्ञानेश्वर, तुकाराम. त्यांना ती पदवी कोणत्याही धर्मपीठाने दिली नाही. लोकांच्या भक्तीने दिली. व्यासपीठावरून आपण ‘संत’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या दोहोंपैकी एकही अर्थ ऐकत नाही. व्याख्या न करता शब्द वापरण्याची आपली सवय म्हणूनच सदोष आहे.

राणी मारिया यांच्या संन्यासिनी भगिनीने मारेकऱ्यास क्षमा केली व तुरुंगात जाऊन त्याच्या हाती राखी बांधली. धर्मशिक्षकाने प्रथम हे सांगावे, मग ‘धन्य’ या शब्दाचा अर्थ उलगडावा, आणि तो उलगडताना दुसऱ्या पंथाचा अर्थ त्या पंथाला मान्य होईल अशाच शब्दांत मांडावा. हे साधत नसेल, तर त्या पंथाचे खंडन करण्याचा अधिकारही आपणांस पोहोचत नाही.