दळलेले ग्राफाइट आणि ७.४ टक्क्यांचा आकडा : हायड्रोजन साठवणुकीच्या एका दाव्याची चिकित्सा

बॉल मिलमध्ये दळलेले ग्राफाइट हायड्रोजन साठवू शकते, या विधानाच्या पुष्ट्यर्थ एकच आकडा वारंवार उद्धृत केला जातो : वस्तुमानाच्या ७.४ टक्के. १९९९ साली जपानमधील ओरिमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केला. १ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहापट दाबाच्या हायड्रोजनमध्ये ग्राफाइट ८० तास दळले असता दर १०० कार्बन अणूंमागे सुमारे ९५ हायड्रोजन अणू आढळले. त्याच सुमारास कार्बन नॅनोतंतूंविषयी केलेले अचाट दावे इतर प्रयोगशाळांत टिकले नाहीत. हे मोजमाप त्या पंक्तीतले नव्हे आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. प्रश्न आहे तो या हायड्रोजनला ‘साठवलेला’ म्हणावे काय, हा.

मूळ ग्राफाइटमध्ये षटकोनी जाळीचे थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर असतात. हायड्रोजन रेणूचा व्यास सुमारे ०.२९ नॅनोमीटर असला, तरी थरांमधील बहुतेक जागा कार्बनच्याच इलेक्ट्रॉन मेघांनी व्यापलेली असते. रेणूला शिरकाव नाही. दळताना गोळ्यांच्या आघातांनी प्रथम थर एकमेकांवरून घसरतात व त्यांची क्रमबद्ध रचना मोडते. पुढे थरच फाटतात आणि स्फटिक काही नॅनोमीटरपर्यंत लहान होतात. क्ष-किरण विवर्तनात २६.५ अंशांजवळचे तीक्ष्ण शिखर बुटके व रुंद होते आणि किंचित लहान कोनाकडे सरकते. रामन वर्णपटात १३५० जवळचा दोषदर्शक पट्टा १५८० च्या पट्ट्याच्या तुलनेत वाढतो.

येथेच अनेक लेखांत घाई होते. शिखर सरकले म्हणजे थर फाकले आणि फटीत हायड्रोजन शिरला, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः आर्गॉनमध्ये दळलेल्या ग्राफाइटमध्येही क्रमभंगाची हीच लक्षणे दिसतात. विवर्तन रचना मोडल्याचे सांगते. हायड्रोजन कोठे आहे, हे सांगत नाही.

तो प्रामुख्याने फाटलेल्या कडांवर व दोषस्थानी असतो. तुटलेल्या बंधांच्या टोकांशी हायड्रोजन अणू सहसंयुज बंधाने जोडले जातात. हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम वापरून केलेल्या न्यूट्रॉन प्रकीर्णनात कार्बनपासून सुमारे ०.११ नॅनोमीटरवर असे अणू आढळले. थरांमध्ये काही अणू अधिक सैलपणे अडकले असावेत, असेही त्या अभ्यासांतून सूचित होते. परंतु मुख्य वाटा बंधाचाच.

कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर पृष्ठभागावर नुसता चिकटलेला हायड्रोजन रेणू सुटण्यास पाच-सहा किलोज्यूल पुरतात. म्हणूनच दळलेल्या ग्राफाइटमधून हायड्रोजन सुटू लागतो तो सुमारे ६०० केल्विनला, आणि बराच भाग ९०० केल्विनच्या आसपास. वाहनातील इंधनघट मात्र ८० अंश सेल्सिअसच्या जवळपास चालतो. शिवाय हायड्रोजनबरोबर मिथेनसारखे हायड्रोकार्बनही निघतात, म्हणजे साठवणाऱ्या पदार्थाचाच थोडा भाग उडून जातो. तापवून रिकामे केलेले ग्राफाइट केवळ दाबाने पुन्हा भरत नाही, आणि प्रत्येक भरणीला ८० तास दळणे ही साठवण नव्हे, नव्याने निर्मिती आहे.

दळण्याच्या भांड्याचा मुद्दाही गौण नाही. पोलादी गोळ्यांची झीज होऊन लोखंड चूर्णात मिसळते. पुढील अभ्यासांत झिरकोनियाचे गोळे वापरून तुलना केली, तेव्हा हायड्रोजन कमी तापमानाला सुटण्यात या लोखंडाचा हात असल्याचे दिसून आले. गोळे कशाचे होते, हे न लिहिता तापमानाचे आकडे देणारा लेख तुलनेस निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१० साठी प्रथम ठरवलेले ६ टक्क्यांचे लक्ष्य आणि हे ७.४ टक्के शेजारी मांडून यश जाहीर करण्याची रीतही सोडावयास हवी. ते लक्ष्य टाकी, झडपा व नळ्यांसह संपूर्ण यंत्रणेचे होते; हा आकडा केवळ चूर्णाचा आहे. अशा लेखाच्या परीक्षकाने निदान दोन गोष्टी मागाव्यात : सुटलेल्या वायूंचे वस्तुमान वर्णपट आणि दुसऱ्या भरणीचे मोजमाप. एका भरणीचा आलेख कितीही सुबक असला, तरी तो साठवणक्षमतेचा पुरावा नाही.

या दिशेने अधिक आशादायक काम हायड्रोजनयुक्त दळलेले ग्राफाइट लिथियम हायड्राइडमध्ये मिसळून झाले. तेथे हायड्रोजन सुमारे ३५० अंश सेल्सिअसला सुटतो आणि काही प्रमाणात पुन्हा भरताही येतो. मात्र त्या मिश्रणात ग्राफाइट हे कोठार राहत नाही. अभिक्रियेतील एक घटक बनते.