व्याजविरहित कक्ष आणि बँकिंग कायद्याची चौकट : बार्शी प्रयोगाच्या निमित्ताने

सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बार्शी शाखेत व्याजविरहित व्यवहार सुरू केले. लोकमंगल समूहाचे संस्थापक सुभाष देशमुख त्या वेळी राज्याचे सहकारमंत्री असल्याने या प्रयोगाकडे राजकीय दृष्टीने पाहिले जाणे स्वाभाविक होते. येथे त्याचा विचार केवळ बँकिंग म्हणून करावयाचा आहे.

ठेवीवर व्याज द्यावयाचे नाही आणि त्या निधीतून गरजूंना बिनव्याजी कर्ज द्यावयाचे, असे योजनेचे स्वरूप होते. इस्लामी परिभाषेत हे ‘कर्ज-ए-हसना’ होय. सत्कार्य म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु सेवकांचे पगार, हिशेब, वसुली, बुडीत कर्जाची तरतूद यांसाठी अशा कक्षास स्वतःचे उत्पन्न नसते. हा भार बँकेच्या अन्य, म्हणजे व्याजाच्या, उत्पन्नावर पडतो. व्याज टाळण्यासाठी काढलेला कक्ष व्याजावरच तगतो, ही यातील मूलभूत विसंगती आहे.

उत्पन्न हवे असेल तर व्यापारात उतरावे लागते. समजा, शाहूपुरीतील गूळ व्यापाऱ्यास खेळते भांडवल हवे आहे. ‘मुराबहा’ पद्धतीत बँकेने गूळ स्वतः खरेदी करून, आपला नफा उघड सांगून, तो त्यास उधारीने विकावयाचा असतो. मधल्या काळात गुळाला पाणी सुटले तर नुकसान बँकेचे. आपला शाखाधिकारी ताळेबंद वाचण्यास शिकलेला असतो, गुळाची प्रत पारखण्यास नव्हे! शिवाय तारणवसुलीसारखे अपवाद वगळता बँकिंग नियमन कायदा, १९४९ चे कलम ८ बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करते. घरासाठी ‘इजारा’ करावा तर कलम ९ आड येते. स्वतःच्या वापराखेरीज स्थावर मालमत्ता बँकेस सात वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. १९६६ पासून हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे.

ठेवींची बाजूही सोपी नाही. ‘मुदारबा’मध्ये तोटा ठेवीदाराने सोसावयाचा असतो, आपल्या कायद्यात ठेव ही परत करावयाचीच रक्कम असून २०२० पासून तिला पाच लाखांपर्यंत विमा आहे. एसएलआरपोटी घ्यावे लागणारे सरकारी रोखे तर व्याजाचेच.

रघुराम राजन समितीने (२००८) व्याजविरहित वित्तपुरवठ्याची शिफारस केली. दीपक मोहंती समितीने (२०१५) प्रचलित बँकांत त्यासाठी स्वतंत्र खिडक्या सुचविल्या आणि मूळ किमतीवर नफा आकारून वित्तपुरवठा करण्याचा प्रकार साध्या योजनांत गणला. कलम ८ नेमके तेथेच आडवे येते, याचे पुरेसे भान या शिफारशीत दिसत नाही. पुढे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय सोडून दिला. सर्व नागरिकांना बँकसेवेची समान व व्यापक संधी उपलब्ध आहे, असे कारण माहिती अधिकारातील उत्तरात देण्यात आले. प्रस्तुत लेखकास हे उत्तर असमाधानकारक वाटते. खाते उघडता येणे आणि श्रद्धेशी तडजोड न करता कर्ज मिळणे, या भिन्न गोष्टी आहेत. कायद्याची अडचण खरी होती. तीच स्पष्टपणे सांगता आली असती.

मलेशियाने १९८३ मध्ये प्रथम इस्लामी बँकिंगचा स्वतंत्र कायदा केला आणि प्रचलित बँकांना अशा खिडक्या उघडण्याची मुभा त्यानंतर दहा वर्षांनी, १९९३ मध्ये दिली. बार्शीत खिडकी आधी उघडली गेली.