नाव न घातलेली भांडी

शिल्पकार म्हटला की छिन्नी आणि दगड डोळ्यांपुढे येतात. सुबोध गुप्ता यांची प्रसिद्ध शिल्पे मात्र भांड्यांच्या बाजारातून येतात. स्टीलचे डबे, ताटे, वाट्या, बादल्या एकमेकांना जोडून ते प्रचंड आकार उभे करतात. धनत्रयोदशीला नवे भांडे घेणाऱ्या घरांत या कलावंताविषयी बोलणे मला म्हणूनच अगत्याचे वाटते. त्यांचा विषय आपल्या फडताळातच मांडलेला आहे.

गुप्ता यांचा जन्म १९६४ सालचा, पाटण्यालगतच्या खगौल गावचा. पाटण्याच्या कलाशाळेत शिकून ते दिल्लीस आले. तेथे 'बिहारी' हा शब्द पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरतात. १९९९ साली गुप्ता यांनी स्वतःचेच चित्र काढले, त्यात शेण वापरले आणि तोच शब्द दिव्यांच्या देवनागरी अक्षरांत झळकवला. शिवीचे त्यांनी आपले नाव करून टाकले! जो माणूस इतक्या धीटपणे आपले नाव सांगतो, त्याची भांडी निनावी का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे भांडे घेतले की दुकानदार विचारतो, "नाव काय घालू?" मग त्यावर मुंजीची तारीख येते, आत्याचे नाव येते, वारलेल्या आजोबांची आठवण येते. नाव पडले की माल संपतो आणि भांडे घरचे होते. स्टील तर केवळ वापरासाठी आलेच नाही. पितळेला कल्हई लावण्याची कटकट सुटली, या आनंदात ते दर्शनी मांडणीवर चढले आणि घराची ऐपत सांगू लागले. ही चमक आणि तिच्यामागची ओढ गुप्ता यांनी अचूक हेरली आहे.

'व्हेरी हंग्री गॉड', म्हणजे 'फार भुकेला देव', ही २००६ सालची भांड्यांची कवटी मला थोर वाटते. कवटीला तोंड असते, पोट नसते; मग तिची भूक भागायची कशी? इतकी भांडी, पण एकातही शितभर अन्न नाही. येथे ती निनावी आहेत हेच योग्य, कारण बाजाराच्या भुकेला नाव नसते. उंची वस्तूंच्या व्यापारातील फ्रेंच धनिक फ्रांस्वा पिनो यांच्या संग्रहात ती गेली आणि २००७ साली व्हेनिसच्या कालव्याकाठी मांडली गेली. त्यातील उपरोधाने शिल्प अधिकच खरे ठरले.

२००८ सालच्या 'लाइन ऑफ कंट्रोल'विषयी मला असे म्हणवत नाही. हा अणुस्फोटाचा ढग, सुमारे दहा मीटर उंच, भांड्यांचाच. सीमेवरचे भय स्वयंपाकघरापर्यंत येते, ही कल्पना मोठी आहे. परंतु २०१२ साली तो दिल्लीच्या साकेत भागातील एका मॉलमध्ये उभा राहिला, तेव्हा ढगाची चमक आणि दुकानांची चमक एक झाली. अशा जागी माणूस भिण्याऐवजी दिपून जातो. कोणी म्हणेल, बाजारावरची टीका बाजारातच करावी. मान्य, पण कीर्तनकाराने निदान पोशाख तरी बाजारकऱ्यांहून वेगळा करावा!

मी कादंबऱ्या लिहितो. पात्राच्या अंगावर जगण्याची एखादी खूण दिसल्याखेरीज ते गर्दीतून वेगळे होत नाही, एवढे मला त्यातून कळले आहे. ही खूण गुप्ता यांच्या 'धिस इज नॉट अ फाउंटन' (२०११–१३) या कृतीत भेटते. पोचे आलेल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग आणि त्यातून वाहणारे नळ, एवढेच तिचे स्वरूप. ही भांडी कोणीतरी रोज घासली आहेत, चुलीवर चढवली आहेत. त्यांवर अक्षरे नसली तरी पोचा हेच त्यांचे नाव. वाहते पाणी घासणाऱ्या हातांची आठवण देते, आणि ते हात कोणाचे, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

झळझळीत स्टीलमध्ये परक्याला झटकन 'भारत' दिसतो, आणि तसा भारत खपतोही चांगला. पोचे आलेल्या भांड्यात मात्र माणूस शोधावा लागतो. गुप्ता यांनी तो शोधला, म्हणून त्यांच्या जुन्या भांड्यांना मी नव्या भांड्यांच्या वरची जागा देतो.

या दिवाळीत नवे भांडे घ्याल, त्यावर नाव जरूर घालून घ्या. आणि अडगळीतले जुने पातेले मोडीत देण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहा.