मत हे दान नव्हे

निवडणूक आली की गावच्या भिंती बोलू लागतात. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी शाळेची मुले प्रभातफेरी काढतात, चौकात पथनाट्य होते. त्यात एक अडाणी, बहुधा फाटक्या कपड्यांतला मतदार असतो आणि कोणी शिकलेला त्याला शहाणा करतो. 2011 पासून 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनही साजरा होतो. या खटाटोपाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हे सारे प्रचाराचे वाङ्मय आहे, आणि वाङ्मय म्हटले की त्याची समीक्षा झाली पाहिजे.

सर्व दानांत मतदान श्रेष्ठ, असे या वाङ्मयाचे ध्रुपद आहे. 'दान' या शब्दात देणारा आणि घेणारा आधीच ठरलेले असतात. ज्यांच्या आजा-पणज्यांनी येसकरकीची भाकर दारोदार मागून आणली, त्यांना या शब्दाचे ओझे समजावून सांगावे लागत नाही. निवडणुकीच्या दिवशी मात्र भूमिका उलटतात. उमेदवार वस्तीत येऊन हात जोडतो. एक दिवसाचा दाता, उरलेली पाच वर्षे याचक! (धम्मातले दान निराळे, भिंतीवरच्या घोषणेला तो अर्थ अभिप्रेत नाही.) शिवाय दान दिलेल्या वस्तूचा हिशेब मागायचा नसतो. हक्काचा मागता येतो.

बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि पुढे सायमन कमिशनच्या वेळी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताधिकार हेच राजकीय शिक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती. आधी शहाणे व्हा आणि मग मत द्या, ही अट त्यांनी मान्य केली नाही. आमचे पथनाट्य मात्र तीच अट मागच्या दाराने आत आणते.

मतदार खरोखर झोपलेला आहे काय? नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेबरोबरच झाली. निवडून आलेले खासदार, नायगावचेच वसंतराव चव्हाण, ऑगस्टमध्ये वारले होते. त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण काँग्रेसतर्फे अवघ्या 1,457 मतांनी विजयी झाले. त्याच दिवशी या लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या, नायगावची भाजपकडे. एकाच खोलीत, काही मिनिटांच्या अंतराने, हजारो बोटांनी दोन वेगळ्या चिन्हांची बटणे दाबली. त्यामागची कारणे काहीही असोत, हे झोपेतल्या माणसाचे काम नव्हे.

प्रश्न जागृतीचा नाहीच. प्रश्न असा की मत दिल्यानंतर हा माणूस कुठे बसतो? 'बिनविरोध' या शब्दाचेही असेच कौतुक होते. गावात एकी आहे म्हणे! पण बिनविरोध कोणाच्या ओसरीवर ठरते आणि तिथे कोण उभे राहते, कोण बसते, हे विचारायला नको? जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका पदांचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. बोली लागते तिथे शेतमजुराचे मत आधीच मोजून झालेले असते.

सभागृहात मिळालेले गावात टिकत नाही, हे मराठवाड्याइतके कोणाला ठाऊक? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. सहभागाची किंमत कोण मोजतो, हे आमच्या भिंतींवर कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून पथनाट्य लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांना एक सुचवावेसे वाटते. मतदान केंद्राचा प्रवेश थोडा आवरता घ्या आणि ग्रामसभा दाखवा. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसे आली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मग चारदोन माणसांत सगळे ठराव होतात. त्या तहकूब सभेला वस्तीतल्या दहा बाया मजुरी बुडवून येतात, पुढच्या सतरंजीवर बसतात आणि त्यांतली एक ग्रामसेवकाला म्हणते, "भाऊ, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा." पुढचे संवाद तुम्ही लिहा.