सावलीची किंमत कोणी ठरवावी?

संगणकावरील खेळाला कलाकृती म्हणावे की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. खेळ सुरू होण्यापूर्वीच त्याच्या चित्रावर एक संस्कार घडतो, आणि तो करणारा ना खेळाचा कर्ता असतो ना खेळणारा, एवढ्याच गोष्टीकडे रसिकांचे लक्ष वेधावयाचे आहे. २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स एक्सपीरियन्स’ हे सॉफ्टवेअर सर्वांच्या हाती आले. २०२४ च्या अखेरीस त्याची जागा ‘एनव्हिडिया ॲप’ने घेतली. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि पडदा यांची जात ओळखून सावल्या किती रेखीव असाव्यात, पोत किती बारीक असावा, पाण्यात प्रतिबिंब दिसावे की नाही, हे सारे ते एका कळीसरशी ठरवून टाकते.

या सोयीचे मोल आम्ही नाकारीत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या सीमेलगतच्या गावी, घरी मराठी आणि कचेरीत तेलुगू बोलणाऱ्या मुलापुढे ‘अँटि-अलायझिंग’, ‘ॲम्बियंट ऑक्लूजन’ अशी वीसपंचवीस नावे उभी राहिली, तर त्याने करावे तरी काय? सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी यंत्राच्या हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद उरतात. त्यात सावली ही फार खर्चिक बाब, कारण ती पाडावयाची तर दिव्याच्या जागेवरून तेच दृश्य पुन्हा एकदा रेखाटावे लागते. साहजिकच काटकसरीची कुऱ्हाड बहुधा प्रथम तिच्यावरच पडते.

परंतु हा निर्णय होतो कसा? कंपनीचे परीक्षक खेळातील यंत्राला जड जाणाऱ्या जागा निवडतात, कोणत्या सेटिंगने दृश्याची शोभा किती वाढते याचा अंदाज बांधतात, आणि मग निरनिराळ्या यंत्रांवर मोजमाप होते. मोजमाप गणिताचे आहे. शोभेचा अंदाज मात्र निखळ अभिरुचीचा आहे. म्हणजे येथे एक समीक्षक बसलेला आहे, आणि तो निनावी आहे! एएमडीने ‘रॅप्टर’च्या साहाय्याने दुसरा मार्ग धरला होता. तेथे असंख्य खेळणाऱ्यांच्या निवडीवरून शिफारस होत असे. रॅप्टर २०१७ मध्ये बंद पडले. एकीकडे तज्ज्ञाची रुची, दुसरीकडे बहुमताची. कर्त्याला काय अभिप्रेत होते, हा प्रश्न दोहोंकडे गौणच राहिला.

आमच्या कोकणी वाचकांना पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ परिचित असेल. बाहुली पडद्याला टेकली की सावली रेखीव होते, मागे सरली की पसरट आणि भयावह. ती कितपत ठसठशीत ठेवावयाची, हे दिव्यातील तेल पाहून नव्हे, प्रसंग पाहून ठरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळात कथानकाचे दुवे अशाच छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितले आहेत, आणि रंगांना पहाडी चित्रशैलीचा आधार आहे. त्या बाहुल्या कथनाचा भाग असल्याने त्यांना कदाचित धक्का लागणार नाही. पण महालांतील दालनांची सावली सपाट झाली, तर त्या दोन जगांतील नाते सैल होईल. २००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’मध्ये तर नायकाने लपावयाचे ते सावलीतच. तेथे सावलीला अलंकार कोण म्हणेल?

दुसरी उणीव अधिक व्यावहारिक आहे. सॉफ्टवेअर कार्डाचे नाव ओळखते, खोली ओळखत नाही. आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेले यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरविते, आणि गारव्यात केलेले मोजमाप दुपारी निरर्थक ठरते. चालू सेटिंग व सुचविलेले सेटिंग ते शेजारी शेजारी दाखविते, सौंदर्य आणि वेग यांत तोल साधणारी सरकपट्टीही देते, हे मान्य केले पाहिजे. मात्र अमुक गोष्ट का छाटली, याचे कारण ते सांगत नाही. समीक्षकाकडून एवढी अपेक्षा करणे गैर आहे काय?

तामसीतील आमच्या परिचयाच्या एका मुलाने शिफारस प्रथम जशीच्या तशी स्वीकारली. आठवड्याने त्याने पाण्यातील प्रतिबिंबे काढून टाकली आणि त्या बचतीतून सावल्या पूर्ववत केल्या. उन्हाळ्यात मात्र तो रात्री नवानंतरच खेळावयास बसतो.