शक्तिवाद : एक नांव, दोन विषय

हस्तलिखितांच्या यादींत ‘शक्तिवाद’ हें नांव दिसलें कीं ग्रंथ गदाधर भट्टाचार्यांचा, असें मानण्याचा मोह होतो. पण गदाधरांचा विषय शब्दाची अर्थबोधक शक्ति हा आहे. गंगेशोपाध्यायांच्या तत्त्वचिंतामणींत, अनुमानखंडांत, याच नांवाचें जें प्रकरण आहे त्याचा विषय कारणाची कार्यजनक शक्ति हा होय. या दुसऱ्या वादाचें बलाबल येथें पाहूं.

शास्त्रकारांचें उदाहरण असें : अग्नि व काष्ठ यांचा संयोग आहे, पण प्रतिबंधक मणि जवळ ठेवतांच दाह होत नाहीं. अग्नि तर जसाच्या तसा दिसतो. म्हणून जें नाश पावलें ती शक्ति, व ती द्रव्यगुणादिकांहून निराळा पदार्थ, असें प्राभाकर मीमांसक म्हणतात. नैयायिकांचें उत्तर असें कीं, नाश कशाचाच झाला नाहीं. मण्याचा अभाव हेंही दाहाचें एक कारण, व तेवढेंच येथें उणें आहे. विश्वनाथ मुक्तावलींत लाघवाचा आधार घेतात : मणि ठेवतांना शक्ति मरते व उचलतांना नवी जन्मते असें मानल्यास अनंत शक्ति, त्यांचे प्रागभाव व ध्वंस पदरीं घ्यावे लागतात. अन्नंभट्ट दीपिकेंत कारणत्वालाच शक्ति म्हणून मोकळे होतात.

हें लाघव मात्र फुकटचें नाहीं. मण्यासोबत उत्तेजक ठेवला तर दाह होतो. म्हणून नैयायिकांस ‘उत्तेजकाभावविशिष्ट मण्याचा अभाव’ असें कारण मानावें लागतें. तरीही मण्याच्या उदाहरणापुरता त्यांचा पक्ष मला सबळ वाटतो.

धानाच्या उदाहरणांत तसें वाटत नाहीं. कोठींतील बीं समर्थ असेल तर तेथेंच कां उगवत नाहीं, हा बौद्धांचा प्रश्न. उदयनाचार्य आत्मतत्त्वविवेकांत त्याचें खंडन करितात. नैयायिकांच्या मतें स्वरूपयोग्यता निराळी व सहकाऱ्यांचा मेळ निराळा. हें पटतें. पण आमच्या दिघोरीच्या बाजूस शेतकऱ्यास ठाऊक आहे कीं, फार जुनें धान दिसावयास तसेंच असलें तरी बांधींत पेरल्यावर उगवत नाहीं. प्रतिबंधक जवळ नाहीं, सहकारी सर्व आहेत, बीजत्व ही जातिही कायम. मग गेलें काय? ‘आंतील गुण पालटले’ असें नैयायिक म्हणतील. परंतु डोळ्यांस न दिसणारें कांहीं गेलें, इतकें त्यांनीं मान्य केलेंच. मीमांसकांची मागणी एवढीच होती. त्यास निराळा पदार्थ म्हणावें कीं गुण, हा पुढचा प्रश्न.

संग्राहकांस विनंति इतकीच : केवळ नांवावरून नोंद करूं नये. पोथींत अग्नि व मणि यांची चर्चा आहे, कीं पद व संकेत यांची, हें आधीं पाहावें. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश (१८७४) जवळ असल्यास निर्णय सुलभ होईल. चुकीची नोंद झालेली पोथी कोठींतल्या बियाप्रमाणें पडून राहते; योग्य वाचक भेटेपर्यंत तिला अंकुर फुटत नाहीं.